टँकरवरची पाटी वाचता तरी यावी

संपादक महोदय,

अमरावती रोडवर वाडीजवळ माझे टायरचे दुकान आहे. गेल्या आठवड्यात मागचा टायर बसलेला एक टँकर दारात थांबला. जॅक लावण्याआधी आत काय आहे ते पाहावे म्हणून मागे गेलो. धोक्याच्या पाटीवर चिखलाचा थर होता. ओल्या फडक्याने पुसला तर १ आणि ८ एवढेच उमटले, पुढचे दोन आकडे उडालेले. चालक म्हणाला, ॲसिड आहे, कोणते ते शेठला माहीत. केबिनमधले ट्रेम कार्ड, म्हणजे माल कोणता आणि अपघात झाला तर काय करायचे ते सांगणारा कागद, मागच्या खेपेच्या मालाचे निघाले. बिचारा आदल्या रात्रीपासून गाडीवर होता. माझ्या खाटेवर तासभर पड म्हटले, तर माल पोचवायचा आहे म्हणून तोही थांबेना. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेही चालकाला दिवसाला आठ तासच काम ठरवले होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ही पाटी गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, सहज वाचता येईल अशी हवी. तिच्यावरचा चार आकडी क्रमांक म्हणजे आतला माल: १२०३ पेट्रोल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १०१७ क्लोरीन, १८३० गंधकाम्ल. टँकर उलटला की आपली माणसे मदतीला धावतात, हाती लागेल ते पाणी ओततात. तीव्र गंधकाम्लावर पाणी पडले की ते उसळून अंगावर येते. पेट्रोल पाण्यावर तरंगत नालीतून पुढच्या चौकापर्यंत जाते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरजवळ धडकेनंतर टँकरमधून तो सुटला आणि आसपासच्या गाड्या पेटल्या.

धावत्या रस्त्यावर टँकर अडवून तपासणे मला स्वतःला धोक्याचे वाटते. बुटीबोरीची औद्योगिक वसाहत असो की हिंगण्याची, माल भरून गाडी फाटकाबाहेर निघते तिथेच पाटी, कार्ड आणि चालकाच्या परवान्यावरची प्रशिक्षणाची नोंद पाहावी. पाटी पुसट असेल तर गाडी सोडूच नये. हे परिवहन खात्याने कारखानदारांकडून करवून घ्यावे. आपणही हे क्रमांक एकदा ठळक चौकटीत छापावेत, ही विनंती. दुरून वाचलेला क्रमांक कुणी ११२ वर सांगितला, तर अग्निशमन दलाला पाणी न्यायचे की फोम, हे निघतानाच ठरवता येईल.

— एक टायर दुकानदार, वाडी, नागपूर