भुसावळच्या गार्डकाकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय गार्डकाका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या-माझ्या घरामध्ये एका गल्लीचे अंतर आहे, त्यामुळे हे पत्र हातोहात देता आले असते. परंतु कर्णबधिर मुलाला एकट्याने गाडीत बसवायला घाबरणारे आईवडील आपल्या जळगाव-धुळे भागात पुष्कळ आहेत, आणि त्यांनीही हे वाचावे असे वाटल्यामुळे मी ते सर्वांसमोर लिहितो आहे. तुमचे नाव लिहीत नाही. रेल्वे वसाहतीत 'गार्डकाका' एवढे म्हटले की पुरते. 2022 मध्ये रेल्वेने गार्डचे 'ट्रेन मॅनेजर' केले, पण तुम्ही त्याआधीच निवृत्त झाला होता, त्यामुळे तुमची पदवी माझ्या लेखी जुनीच आहे.

तिसऱ्या वर्षी तापात माझे दोन्ही कान गेले, आणि ज्या शाळेत मला घातले तिथे बोलायला शिकवायचे म्हणून हात बाकाखाली ठेवायला लावत असत. खुणा केल्या तर पट्टी बसे. अशा दिवसांत एका संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसून मला हिरवा आणि लाल झेंडा दाखवलात. अर्ध्या किलोमीटरहून लांब मालगाडीच्या एका टोकाला ड्रायव्हर आणि दुसऱ्या टोकाला, ब्रेकव्हॅन नावाच्या शेवटच्या डब्यात, गार्ड असतो, आणि वॉकीटॉकी येण्यापूर्वी दोघांचे बरेचसे बोलणे दिवसा झेंड्यांनी व रात्री दिव्याने चाले, हे तुम्ही माझ्या वहीत सविस्तर लिहून दिले. खाली लिहिलेले वाक्य मी अजून जपून ठेवले आहे : "इंजिन आणि ब्रेकव्हॅन यांच्या मधल्या अंतरात आम्ही सगळे बहिरेच." हातांनी बोलण्यात ज्याला काही कमीपणा वाटत नाही असा मोठा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढे मी युरोपात महिनाभर रेल्वेने फिरण्याचे मनात आणले, तेव्हा वडिलांनी जेवणाच्या ताटावरून उठून नकार दिला. त्यांना तुम्ही काय सांगितलेत ते मला आईकडून नंतर कळले : "गाडी काय कानाने पकडतात का?" व्हिसा, तीस हजार युरोंचा विमा आणि महिन्यात सात प्रवासदिवस देणारा युरेल पास हे सोपस्कार मी स्वतः केले. खरी तयारी तुम्ही करून घेतलीत. सलग चार रविवार भुसावळ स्टेशनात मला उभे करून, कोणती गाडी नागपूरकडे जाणार आणि कोणती खंडव्याकडे, हे फक्त डोळ्यांनी ओळखायला लावलेत. तुमचा नियम एकच होता : माणसांच्या मागे जायचे नाही, डब्यावरची पाटी वाचायची.

तो नियम मी पहिल्याच आठवड्यात मोडला, हे कबूल करतो. एका मोठ्या जंक्शनवर गाडीचा फलाट आयत्या वेळी बदलला. ते फक्त भोंग्यावरून सांगितले गेले आणि फलाटावरचा फलक बराच वेळ जुनेच दाखवत राहिला. माणसे पिशव्या उचलून धावू लागली तसा मीही धावलो आणि त्यांच्यासोबत भलत्याच गाडीशी पोहोचलो, कारण ती माणसे निराळ्याच गावाला निघाली होती. माझी गाडी गेली. मदतीसाठी एक खांब होता, त्यावर बटण होते आणि बटण दाबल्यावर जाळीतून आवाज येत असावा, कारण शेजारची एक बाई दचकून त्या जाळीकडे पाहू लागली. बहिऱ्याला मदत करणारा खांब केवळ बोलतो, हे ज्याने ठरवले त्याला एकदा तुमच्या ओट्यावर आणून बसवावे असे मला फार वाटले. त्या रात्री मी बाकावर पाच तास काढले आणि घरी जाण्याचा विचार तीनदा केला.

नियम उपयोगी पडला तो जर्मनीतल्या हाम येथे. बर्लिनहून ऱ्हाईन नदीकडच्या शहरांना जाणाऱ्या कित्येक आयसीई, म्हणजे तिथल्या वेगवान गाड्या, हामला दुभागतात : एक अर्धी एसेनवरून ड्युसेलडॉर्फला जाते, दुसरी हागेन आणि वुपरटालवरून कोलोनला, आणि दोन्ही अर्ध्या जोडलेल्या असतानाही आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. मला कोलोनला जायचे होते. घाईत जे दार जवळ होते त्यातून चढलो होतो. गाडी दुभागण्याची सूचना बोलून दिलीही असेल, मला काय कळणार! पण हाम जवळ आल्यावर सवयीने डब्यातला पडदा वाचला, तर त्यावर ड्युसेलडॉर्फ. गाडी थांबताच उतरलो, फलाटावरून पुढे पळालो, पुढच्या अर्ध्या गाडीची पाटी वाचली आणि मगच चढलो. हाम हेसुद्धा भुसावळसारखे यार्डामुळे आणि फाट्यामुळे ओळखले जाणारे गाव आहे, काका. तिथे मला परके वाटले नाही.

झुरिचच्या स्टेशनातले घड्याळ तुम्ही पाहायला हवे होते. त्याचा लाल सेकंदकाटा साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पूर्ण करतो, बाराशी क्षणभर थांबतो आणि मिनिटकाटा सरकला की पुन्हा निघतो. मी त्याचे चित्रीकरण केले आहे. सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक तिथे पिवळ्या कागदावर आणि येणाऱ्यांचे पांढऱ्यावर असते, हेही तुम्हाला पटेल.

त्याआधी पॅरिसमध्ये रू सें-जाक या रस्त्यावरच्या कर्णबधिरांच्या शाळेसमोर मी बराच वेळ उभा होतो. अठराव्या शतकात आबे द लेपे या धर्मगुरूंनी खुणांच्या आधारे कर्णबधिर मुलांना शिकवायला सुरुवात केली, त्यातून ही संस्था उभी राहिली. आणि झुरिचहून 57 किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून मी ज्या मिलानला उतरलो, तिथे 1880 मध्ये भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करून केवळ मुखाने बोलणे शिकवावे असा ठराव केला. ठराव करणाऱ्यांत जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. 2010 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या परिषदेत त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला, म्हणजे मधे एकशे तीस वर्षे गेली. मिलानच्या भव्य स्टेशनाच्या पायऱ्यांवर बसून मी माझ्या बोटांकडे पाहिले आणि खानदेशातल्या एका वर्गातली पट्टी कुठून निघाली होती ते मला समजले. राग आला, आणि त्याच वेळी तुमचा ओटाही आठवला.

दुसऱ्या दिवशी एका लहान इटालियन स्टेशनावर गाडी सुटण्यापूर्वी तिथल्या गार्डने खाली उतरून मागेपुढे पाहिले आणि हिरवी खूण केली. मी दारात उभा होतो. पाठीवरच्या पिशवीला बांधलेला तुमचा जुना हिरवा झेंडा मी त्याला दाखवला. तो आधी गोंधळला, मग हसला आणि छातीवर हात ठेवून त्याने मान लववली. तुमच्या धंद्यातल्या माणसाने तुम्हालाच तो नमस्कार केला, असे मी समजतो आणि तो या पत्राने पोहोचवतो.

रविवारी भेटायला येतो. आई भरीत आणि कळण्याची भाकरी बांधून देणार आहे. झेंड्याची एक कड उसवली आहे आणि तो निवृत्तीच्या वेळी जमा करायचा होता की काय, हे मी कधी विचारले नाही. परत मात्र देणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
समोरच्या घरातला मुलगा