माळ्यावरची ट्रंक खाली काढा की! (मिरजेच्या पेठेतल्या मंडळींचं आवाहन)

नमस्कार मिरजकर, आणि पुण्याला, मुंबईला, दुबईला जाऊन बसलेले पण उरूस आला की "खाजा पाठवा की ओ" म्हणून फोन करणारे माजी मिरजकर, तुम्हाला पण नमस्कार.

दिवाळी झाली की शाळा सुरू व्हायच्या आत आपल्या पेठेत तीन दिवस कार्यक्रम करायचा ठरलाय. गाणं-बजावणं, जुने फोटो, जुन्या आठवणी, गल्लीबोळातनं एक फेरी, असं सगळं. त्याला पैसे लागणारेत, माणसं लागणारेत, आणि सगळ्यात जास्त लागणारंय ते तुमच्या माळ्यावरचं सामान.

हे सामानाचं खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगतो. यंदा उन्हाळ्यात आपल्या गल्लीतलं एक जुनं घर विकलं गेलं, पोरं सगळी बाहेरगावी, त्यांनी दोन दिवसांत घर रिकामं केलं आणि पत्र्याची एक मोठी ट्रंक भंगारवाल्याला दिली. आमच्यातल्या एकाला जाता जाता गाड्यावर वह्या दिसल्या, तंबोऱ्याच्या ऑर्डरी लिहिलेल्या, कुठल्या गावचं गिऱ्हाईक, नर तंबोरा (पुरुषांच्या आवाजासाठीचा) का मादी (बायकांच्या आवाजासाठीचा), भोपळा केवढा, सगळं बारीक मोडी-मराठी मिक्स अक्षरात. तो पैसे आणायला घरी पळाला, परत येईपर्यंत वह्या रद्दीच्या ढिगात जाऊन गाडी निघून गेली होती. किलोला काय भाव मिळाला ते विचारू नका, जीव जळतो. हाताला लागला तो फक्त एक फोटो, त्याच्याबद्दल शेवटी सांगतो.

आता बघा, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण हे काम इथं आलं कसं हे गल्लीतल्या दहावीच्या पोराला विचारा, सांगता येत नाही. तलवारी-भाल्यांना धार लावणारी शिकलगार मंडळी, राजेरजवाड्यांची हत्यारं थंडावली तसे हेच हात वाद्यांकडं वळले, फरीदसाहेबांपासनं आजपर्यंत पिढ्यान् पिढ्या. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तूणीचं, आणि खरी कारागिरी जवारीत, म्हणजे तारेचा आवाज भरून यावा म्हणून तिच्याखालची घोडी घासण्यात. घोडीवर तार टेकते तिथं कानसेनं जरासं घासायचं, ऐकायचं, परत घासायचं, तारेखाली दोरा सरकवायचा, मग तो भरलेला आवाज निघतो. एक घासणी जास्त झाली की काम बिघडलं. हे कुठल्या पुस्तकात बघून येत नाही, शेजारी बसून कान तयार करावा लागतो, आणि आता शेजारी बसणारी पोरं कमी झालीत. त्यांना दोष देत नाही मी, त्यात मिळतं किती ते पण बघायला पाहिजे ना.

म्हणून पहिल्या दिवशी दोन कारागीर रस्त्यावरच मांडव टाकून काम करत बसणार, लोकांनी बघायचं, विचारायचं, पोरांनी हात लावून बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी. स्टेशनपासनं सुरुवात, कारण आपली निम्मी पेठ रेल्वेनंच आणून वसवलीय. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइनची नॅरोगेज, तिन्ही रूळ या एका जंक्शनात होते, आणि त्या रुळांवरनं कानडी, तेलुगू, तमिळ बोलणारी घरं आली ती इथलीच झाली. २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती पण इथनंच, ते बघायला आपण सगळे गेलो होतो. पुढं डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल, त्याच्यामुळं आलेल्या नर्सबाई, कंपाउंडर, त्यांची घरं. तिथनं नाट्यगृह, १९०५ मध्ये बालगंधर्व शाकुंतल करत पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेतच. आणि शेवट मीरासाहेब दर्ग्यात, चिंचेच्या झाडाखाली. उरुसाचा पहिला गलेफ (कबरीवर घालायची चादर) चर्मकार समाजाचा असतो हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात सांगण्यासारखं काय असं वाटतं, पण बाहेरच्या पाहुण्याला सांगून बघा, तो दोनदा विचारतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासच्या बाजूला प्रवासात वारले, पण दफन इथं याच आवारात झाले, आणि त्यांच्या नावानं उरुसात गाणं होतं ते आजपर्यंत.

कुणी म्हणेल सगळं गोड गोडच दाखवणार काय. तर तसं नाही. २००९ च्या दंगलीची ती दिवसं-रात्री पण याच पेठेनं बघितल्यात. त्याचं प्रदर्शन मांडायचं नाही आम्हाला, पण कुणाला त्या वेळी शेजाऱ्याच्या घरात बसून काढलेली रात्र सांगायची असेल तर आम्ही ऐकून रेकॉर्ड करणार, नाव नको असेल तर नाव न टाकता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भजनी मंडळ, कव्वाली, चर्चचं गाणं, कानडी भजन, एकाच स्टेजवर, एकामागनं एक. क्रमावरनं आत्तापासनंच भांडणं सुरू झालीत, चिठ्ठ्या टाकणारे.

आता पैशाचं. मागच्या वर्षी छोट्या प्रमाणात केलेलं तेव्हा स्वस्तात मिळाला म्हणून जो साउंडवाला घेतला त्यानं डीजेचा सेट आणून लावला, तंबोऱ्याला! चार तारांचा आवाज म्हणजे गांधीलमाशांचं पोळं उठल्यागत झालं, गाणारे बुवा बिचारे हसले आणि माइक बाजूला ठेवून गायले, पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आलं. म्हणून यंदा साउंडवर काटकसर करायची नाही असं एकमतानं ठरलंय (आमच्यात एकमत झालेला हा एवढाच विषय). साउंड, मांडव, खुर्च्या, कलाकारांचं मानधन, फोटो मोठे करून लावायचा खर्च आणि चहा मिळून १ लाख २० हजारांचा अंदाज आहे, त्यातले ३५ हजार पेठेतनंच जमलेत. ५० रुपये दिले तरी पावती मिळणार आणि हिशोबाचा कागद कार्यक्रम झाल्यावर मंडळाच्या दारावर महिनाभर चिकटवलेला असणार. राजकीय फ्लेक्स मात्र घेणार नाही, पैसे कितीही देवोत. मोठ्या कमानी गणपतीत बघतोच की आपण.

पैसे जमत नसतील तर खुर्च्या मांडायला या, पाहुण्यांना एक रात्र घरी ठेवून घ्या, नाहीतर ज्यांच्याकडं चांगला मोबाइल आहे अशा कॉलेजच्या पोरापोरींनी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायला या. कानडी आणि उर्दू समजणारं कुणी असेल तर फारच बरं, आमच्या एका आजींचं अर्धं बोलणं कानडीत असतं आणि त्यातलंच नेमकं महत्त्वाचं असतं.

आणि ट्रंका उघडा. लग्नातले फोटो, नाटकाचे हँडबिल, रेल्वेचे पास, दुकानाच्या वह्या, कारखान्याची बिलं, जे असेल ते. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देणार, वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही. मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी सात ते नऊ कुणी ना कुणी असतं, रविवारी सकाळी पण. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी निरोप द्या, आम्ही घरी येतो. घर विकणार असाल तर तर नक्कीच, भंगारवाल्याच्या आधी आम्हाला एक हाक मारा.

तो वाचलेला फोटो सध्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर प्लास्टिकमध्ये घालून लावलाय. अकरा माणसं आहेत, काही फेट्यात, काही काळ्या टोपीत, दोन पोरं पुढं मांडी घालून बसलीत, मागं लाकडी दार. मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नाही. डावीकडनं तिसरे जे आहेत त्यांच्या हातातल्या तंबोऱ्याला खुंट्या बसवायच्या राहिल्यात अजून, तसाच अर्धवट घेऊन उभे राहिलेत. चहा प्यायला येताना आजोबांना, नानींना संगं घेऊन या आणि एकदा दाखवा. अकरांतल्या एकाचं जरी नाव कळलं तरी टपरीवाल्याकडं सांगून ठेवा.