थेक्कडीची बोट तुमच्यामुळे चुकली: परतावा आणि लेखी माफीबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या कार्यालयातून आलेला फोन या प्रकरणातला सहावा. आता फोन पुरे झाले, म्हणून लेखी देते आहे.

मुन्नारहून थेक्कडी, एका दिवसाची सहल, तिघांचे १३,८०० रुपये, गणपती विसर्जनानंतरचा आठवडा. व्हाउचरवर तुम्हीच छापलं आहे: वेलदोड्याच्या मळ्यात एक तास, आणि पेरियार तलावात दुपारी ३.३० ची बोट, तिकिटं आरक्षित. दोन्हींपैकी एकही मिळालं नाही.

साडेसहाची गाडी पावणेआठला आली. वाटेतलं पूप्पारा गाव सोडलं की चहाचे मळे मागे पडतात आणि मोठ्या झाडांच्या सावलीत वेलदोडा सुरू होतो. माझी आई ७१ वर्षांची, मूळची गुहागरची. आगरात पोफळीवर चढलेल्या मिरवेली बघतच ती वाढली, त्यामुळे मिरीचं तिला अप्रूप नाही. वेलदोडा मात्र तिने जन्मभर फक्त डब्यात पाहिला. त्याचं फूल शेंड्याला न येता बुंध्यातून निघून जमिनीलगत लोळणाऱ्या तुऱ्यावर येतं, पांढरं, आत जांभळ्या रेघा, हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि तेवढं तिला बघायचं होतं. रस्त्याच्या कडेला मळेच मळे होते. ‘पाच मिनिटं थांबवा’ म्हणून तीनदा सांगितलं. चालकाचं एकच उत्तर, थेक्कडीजवळच्या कुमळीला दुकानात सगळं दाखवतात.

कुमळीत जेवण झाल्यावर सव्वा वाजता त्या दुकानात नेलं. मागच्या अंगणात कुंड्या. त्यात वेलदोड्याचं एकच झाड, त्याला ना फूल ना बोंड. बारा मिनिटांत ‘मळा’ संपला आणि पुढचा सगळा वेळ मसाल्याची पाकिटं, मग शेजारच्या दुकानात तेलं आणि चॉकलेटं. मी घड्याळ दाखवत होते, तुमचा माणूस ‘बोट आपलीच आहे’ म्हणत होता. निघालो तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

तलावाकडे जायला गाडी बाहेर ठेवून वनखात्याच्या बसने आत जावं लागतं, बसला रांग असते आणि उतरल्यावर धक्क्यापर्यंत चालायचं असतं. रोज गाड्या पाठवणाऱ्या तुम्हाला हे मी सांगायला नको. आम्ही पोहोचलो ३.३८ ला. बोट समोर पाण्यात निघालेली दिसत होती. ती दिवसातली शेवटची. बोटवाल्यांना मी दोष देत नाही. ३० सप्टेंबर २००९ ला याच तलावात बोट उलटून ४५ माणसं गेली आहेत, तिथे कोणी उशिरा आलेल्यांसाठी बोट परत फिरवू नये. दोष तुमचा आहे. १८९५ मध्ये धरण होऊन हा तलाव झाला तेव्हा बुडालेल्या जंगलाचे वठलेले बुंधे पाण्यातून वर आलेले असतात, तेवढे आईने काठावर उभं राहून बघितले आणि आम्ही परत फिरलो.

आता आजचा फोन. तुमच्या कार्यालयातली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, वन्यप्राणी दिसतील याची कंपनी हमी देत नाही.’ मी म्हटलं, प्राण्यांबद्दल माझी तक्रारच नाही, बोट चुकली, तुमच्या माणसाने दुकानात वेळ घालवला म्हणून चुकली. ‘हो मॅडम, पण प्राणी दिसणं निसर्गावर अवलंबून असतं.’ मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: गाडी, दुकान, ३.३८. तिसऱ्यांदा तेच वाक्य, शब्दसुद्धा तेच. वरिष्ठांना द्या म्हटल्यावर सात मिनिटं गाणं वाजलं. मग एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘अहो, आईंना पेरियारचे हत्ती यूट्यूबवर दाखवा की, घरबसल्या जास्त जवळून दिसतात. आणि वेलची तर मिळालीच ना दुकानात?’

फोन स्पीकरवर होता. आई शेजारी बसून गवार मोडत होती. तिने ताट खाली ठेवलं आणि काही न बोलता आत गेली. घरबसल्या एवढं छान दिसतं तर सहलीचे पैसे कशाचे घेता?

याआधी दोनदा तुमच्याबरोबर प्रवास केला, अष्टविनायक आणि राजस्थान. दोन्ही वेळा वेळेवर गाडी, नीट माणसं. आमच्या इमारतीतल्या चार घरांना मीच तुमचं नाव सांगितलं होतं. आता त्या चारही घरांना हे पत्र वाचायला देणार आहे.

तिकिटं ‘आरक्षित’ म्हणून छापली आणि ३.३० ची बोट चुकवली, हे पुन्हा लिहिते, कारण सहा फोनमध्ये एकदाही कोणी ते मान्य केलेलं नाही. पंधरा दिवसांत पूर्ण १३,८०० रुपये परत हवेत. नाही आले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथे, पुण्यातच, दावा दाखल करता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. व्हाउचर, दुकानाच्या पावतीवरची वेळ आणि धक्क्यावरचा फोटो माझ्याकडे आहे.

आणि त्या गृहस्थांनी लेखी माफी मागावी. माझी नको, आईची. बुकिंगवर तिचं नाव आणि पत्ता आहे, पत्र तिच्या नावाने पाठवा.