नळीबद्दल एक ओळ तरी हवी होती

महोदय,

कालच्या पुरवणीतला स्तनाच्या कर्करोगावरचा लेख मी माझ्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "पाण्याबद्दल काहीच नाही का गं?" नव्हतं. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेवरच्या, अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांच्या १८९४च्या निबंधाला अख्खा परिच्छेद दिलात आणि शस्त्रक्रियेनंतरचं सगळं 'रुग्ण चार-पाच दिवसांत घरी जातो' एवढ्यावर आटोपलंत.

स्तन काढल्यावर अक्काही पाचव्या दिवशी घरी आली. जखमेत झिरपणारं पाणी बाहेर काढायला काखेत नळी होती. तिची डबी रोज सकाळी रिकामी करायचे, तो आकडा मी दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहीत होते. १४०, १२५, ११० मिली. साधारणपणे दिवसाला तीसच्या आत आल्यावर नळी काढतात, हे मला नंतर कळलं. आमची ११०ला काढली, कारण खाट रिकामी करायची होती. आठवड्यात छातीवरची कातडी फुगली. कूस बदलली की आत पाणी हलायचं, तिला ते जाणवायचं. सात वेळा सुईने पाणी काढलं. प्रत्येक वेळी एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडायचा. टाक्यांची एक कड काळी पडली आणि रेडिएशन तीन आठवडे लांबलं. त्या तीन आठवड्यांत ती रात्रीची झोपलेली मी पाहिली नाही.

पुढे पाणी काढायला दुसऱ्या सर्जनकडे गेलो. स्तन काढल्यावर कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पोकळी राहते, काखेतल्या गाठी काढताना लसवाहिन्याही (शरीरातलं पाण्यासारखं द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तुटतात आणि झिरपलेलं पाणी त्या पोकळीत साठतं, हे त्यांनी नीट समजावलं. कातडी आतून ठिकठिकाणी स्नायूला टाचली की पोकळी फारशी उरत नाही, असंही ते म्हणाले. मी चाळीस वर्षं गोधड्या शिवतेय. नुसत्या कडा शिवल्या तर आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात, मधून धावदोरा घालावाच लागतो. त्यांचं बोलणं मला पहिल्या वाक्यातच कळलं. नेदरलँड्समध्ये याच्या चाचण्या झाल्यात, त्यात असे टाके घातलेल्या बायकांचं पाणी सुईने काढायची वेळ कमी आली. पाणी अजिबात होणार नाही, अशी खात्री कुणी देत नाही. ऑपरेशनला थोडा जास्त वेळ लागतो, कातडीवर कधी खळगे दिसतात. अक्काने खळगे आनंदाने पत्करले असते. पण तिला कुणी विचारलंच नाही, आणि असं काही विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक करून देणं वर्तमानपत्राचं काम आहे. आतून टाके घालणार का, नळी किती पाण्यावर काढणार, मधुमेह असेल तर जखमेची काय काळजी घ्यायची, हात किती दिवसांनी वर उचलायचा, हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा, असं पुढच्या लेखात ठळक छापा. डॉक्टरांशी भांडा, असं मी म्हणत नाही. आम्हाला बरं केलं तेही डॉक्टरांनीच.

आणखी एक. गुलाबी पानावर पांढरी बारीक अक्षरं छापू नका. अक्का बासष्टची आहे, चष्मा लावूनही तिला एक ओळ लागली नाही. हा आजार ज्यांना होतो त्यांतल्या कितीतरी तिच्याच वयाच्या असतात.

– एक वाचक, सातारा