बीटी पीक आणि मित्रकीटक: तुलना कशाशी?

संपादक महोदय,

बीटी पिके म्हणजे जिवाणूचे जनुक घालून अळ्यांना मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणारी पिके. त्यांच्यामुळे मित्रकीटक, म्हणजे किडी खाणारे वा त्यांवर जगणारे कीटक, मरतात की वाढतात, या वादात तुलना कशाशी केली हे कुणी सांगत नाही. विनाफवारणीचे बीटी शेत आणि फवारलेले साधे शेत शेजारी ठेवले, तर बीटी जिंकणारच. बीटीचा स्वतःचा परिणाम पाहायचा, तर दोन्ही शेते विनाफवारणीची हवीत.

खाऊ घालण्याच्या चाचण्यांतही घोळ होतो. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बीटी मका खाल्लेल्या अळ्या क्रायसोपा या किडी खाणाऱ्या मित्रकीटकाच्या पिल्लांना दिल्या, तेव्हा त्यांची मर वाढली. पण त्यांतल्या काही अळ्या बीटीनेच अर्धमेल्या झालेल्या होत्या, म्हणजे खाद्यच निकस. पुढे बीटीला दाद न देणाऱ्या धडधाकट अळ्या वापरल्यावर तो परिणाम दिसला नाही. उलट, मावा देऊन केलेल्या चाचणीतून ‘सुरक्षित’ असा शेरा मारणेही फसवेच. मावा ज्या रसवाहिनीतून रस शोषतो, तिथे क्राय प्रथिन (बीटी पिकातले अळीमारक प्रथिन) नगण्य असते. लाल कोळी ही बारीक कीड पेशीतला रस ओढते, तिच्या अंगात ते भरपूर सापडते. ढालकिड्यांची (लेडीबर्ड भुंग्यांची) चाचणी घ्यायची तर लाल कोळी खाऊ घालून घ्यावी.

परोपजीवी गांधीलमाश्यांचे मात्र नुकसान होते, आणि त्याला विषारीपणा लागत नाही. अळीच्या पोटात अंडे घातले आणि अळी लवकर मेली, की आतले पिल्लूही गेले. म्हणून आश्रय पिकाच्या, म्हणजे बीटीभोवती लावलेल्या साध्या वाणाच्या, ओळी केवळ किडीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती येणे लांबवण्यासाठी नसतात; तिथल्या जिवंत अळ्यांवर या गांधीलमाश्याही वाढतात. त्या फवारल्या, तर हा उपयोग संपला.

चीनमधील १९९० ते २०१० च्या नोंदींत बीटी कपाशीवर फवारण्या घटल्या, तसे ढालकिडे, क्रायसोपा आणि किडी खाणारे कोळी (स्पायडर) वाढले, मावा कमी झाला. त्याच देशात पूर्वी बोंडअळीच्या फवारणीत आपोआप मरणारे मिरिड ढेकूण (पिकाचा रस शोषणारी कीड) मात्र माजले. त्यांच्यासाठी पुन्हा पंप पाठीवर चढला, तर मित्रकीटकांचा फायदा तिथेच आटतो. 

बीटीविषयीच्या बातमीत एवढे तरी छापावे: जनुक कोणते, बियाण्याला इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक चोळले होते का, फवारण्या किती व कशाच्या, आणि वाफे केवढे. ढालकिडे उडतात, पाच-दहा मीटरच्या वाफ्यांत ते इकडून तिकडे जातात आणि फरक असला तरी पुसला जातो.

– कृषी कीटकशास्त्राचे अभ्यासक