ओढ्याकडची दोन एकर

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "काकाचा पोरगा बी.कॉम. झालाय, तुझ्या कामात लावून घेतेस का त्याला?" आणि मग आवाज खाली घेऊन, "पण माय, लोकाला कर्जात घालायचं काम हाय ते." समोर गृहकर्जासाठी आलेले ग्राहक बसले होते, मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून पत्र लिहितेय. चष्मा अजून दुरुस्त झाला नसेल तर आई वाचून दाखवेल.

कर्ज म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं ओढ्याकडची दोन एकर येते, हे मला ठाऊक आहे. 1972 च्या दुष्काळात आजोबांनी ती सावकाराला लिहून दिली. आजोबांच्या लेखी ते गहाण होतं, पैसे फेडले की रान परत. कागदावर मात्र ती साधी खरेदी होती आणि परत देण्याचा शब्द तोंडी. आपल्याकडं त्याला मुदत खरेदी म्हणतात. लोकांना बँकेचं गृहकर्ज मिळवून द्यायच्या या कामाला लागल्यावर मी मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा वाचला. त्याच्या कलम 58 मध्ये 1929 साली एक अट घातली गेली : रान परत देण्याची बोली त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही. म्हणजे आजोबांनी पैसे नेऊन दिले असते तरी कोर्टात त्यांच्या हातात काही नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. एक ओळ कागदात हवी होती, आणि ती घालायला सांगणारं कुणी त्यांच्याजवळ नव्हतं.

बाबा, ती ओळ बघणं हेच माझं काम आहे. मागच्या वर्षी एसटीतले एक कंडक्टर आणि त्यांची बायको आली होती. रिंग रोडच्या पलीकडं प्लॉट बघितलेला, दीड लाख इसार नोटरी करून देऊन झालेला. "मॅडम, स्वस्तात लागायलाय, तेवढं कर्ज करून द्या." पगारपत्रक चांगलं, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, 780. मी सातबारा मागितला. वर लिहिलं होतं, भोगवटादार वर्ग 2. जुने फेरफार काढले, 1954-55 चं खासरा पत्रक काढलं, तर ती देवस्थानची इनामी जमीन निघाली. अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मी त्यांना सांगितलं, तो विचार सोडा आणि इसाराच्या मागं लागा. इसार मिळवायला त्यांना चार महिने गेले, तोही पुरता आला नाही. माझं कमिशन बुडालं. ते अजून भाड्यानंच राहतात, पण दिसले की चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. सातबारा वाचायला मला तुम्हीच शिकवलं होतं, तलाठ्याच्या ओट्यावर. आठवतं?

दुसरी गोष्ट हिशेबाची. 20 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 17,356 रुपये. तेच 15 वर्षांसाठी घेतलं तर 19,695. महिन्याला 2,339 रुपयांचा फरक, पण व्याज मात्र सव्वासहा लाखांच्या आसपास कमी जातं. हप्ता कमी दिसला की माणूस खूश होतो, आणि सांगणाराही तेवढंच सांगून मोकळा होतो. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून देते, घरी नेऊन बायकोला दाखवा म्हणते. आणि बदलत्या व्याजाच्या गृहकर्जात जादा पैसे भरले तर दंड लागत नाही, तेव्हा सोयाबीनचे पैसे आले की थोडे मुद्दलात टाका, हेही सांगते.

लोकांची फसगत होते ती बहुतेक आधी स्वतःच्या खिशातून घालायच्या पैशांत. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देते, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी सहसा त्यात धरत नाहीत. तो खड्डा भरायला लोक पर्सनल लोन काढतात, मग दोन हप्ते मानगुटीवर. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर जात असतील, तर मी थांबा म्हणते. बँक हो म्हणत असली तरी.

आता काकाच्या पोराचं. ब्रिटनमध्ये या कामाला आधी परीक्षा द्यावी लागते, सीमॅप म्हणून एक तिकडं प्रसिद्ध आहे. आपल्याकडं तसं काही नाही. बँकेशी किंवा गृहकर्ज कंपनीशी करार होतो, पॅन, आधार, खात्याचा तपशील जातो, स्वतःचं सिबिलही बघतात, आणि एजंटचा कोड मिळतो. कोड मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा भेटला तर पोरानं सरळ घरी यावं. कमिशन बँक देते, माझ्या हातात शेकडा अर्ध्या रुपयाच्या आसपास पडतं, तेही कर्जाची रक्कम उचलल्यावर. नुसत्या मंजुरीला काही नाही. एखादा महिना कोरडा जातो, पुढच्यात तीन फायली सुटतात. म्हणून त्यानं आधी वर्षभर एखाद्या गृहकर्ज कंपनीत पगारावर काम करावं. वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, बिगरशेती आदेश, गुंठेवारी, हे सगळं तिथं फुकट शिकायला मिळतं. परीक्षा नाही म्हणून कुणीही यात येतो, तेव्हा पोरगं कागद वाचायचा कंटाळा करणारं असेल तर पाठवू नका. त्याचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणखी एक सांगायचं होतं. रिझर्व्ह बँकेनं 1 डिसेंबर 2023 पासून नियम केलाय : कर्ज पूर्ण फिटलं की 30 दिवसांत घराचे मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. एका निवृत्त गुरुजींचे कागद परवा 19 व्या दिवशी आले. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. मला आजोबाच दिसले.

आई, येळवशीच्या सणाला मी नक्की येतेय, दोन दिवस रजा टाकली आहे. आंबील तूच कर, मला अजून तशी जमत नाही. भज्जीसाठी इथून काही आणायचं असेल तर कळव. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही सांग.

आणि बाबा, आजोबांच्या लोखंडी पेटीत त्या खरेदीखताची नक्कल आहे असं तुम्ही एकदा म्हणाला होता. मी येईपर्यंत काढून ठेवा. रान काही परत येणार नाही, ते मला माहीत आहे. तुमच्याजवळ बसून तो कागद एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आहे.

तुमची,
ताई