डार्टमूरची ती वर्तुळे म्हणजे घरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील प्रवासलेखात इंग्लंडमधल्या डार्टमूर पठारावरच्या दगडी वर्तुळांना ‘गूढ यज्ञस्थळे’ आणि ग्रिम्सपाउंडला ‘आदिम किल्ला’ म्हटले आहे. (फोटो मात्र झकास!) मुलीकडे एक्सेटरला गेलो असताना ही जागा मी पायी हिंडून पाहिली, म्हणून हे लिहितो.

ग्रिम्सपाउंड ही कांस्ययुगातली साधी वस्ती आहे. सुमारे ४५० मीटर उंचीवर दोन टेकड्यांच्या मधे, कोकणात ज्याला आम्ही गडगा म्हणतो तशा दगडी बांधाच्या आत, २४ गोल घरांचे पाये आहेत. आता याला किल्ला म्हणावे, तर दोन्ही टेकड्यांवरून आतले सगळे दिसते आणि मुख्य दरवाजा चक्क चढाच्या अंगाला. असा किल्ला बांधणाऱ्याला आपल्याकडे कोणी किल्लेदार नेमले नसते! गडगा गुरे राखण्यासाठी असावा. पाण्याचा ओढाही त्याच्या आतूनच वाहतो.

१८९४ मध्ये इथे उत्खनन झाले, तेव्हा घरांत चुली, कोळसा, स्वयंपाकासाठी तापवलेले दगड सापडले. काही घरांत भिंतीलगत दगडी ओटे आहेत. एका दारापुढे तर वारा अडवायला काटकोनात वळवलेली भिंत आहे. तिथे उभे राहिलो आणि घरची पडवी आठवली. वर लाकडी वाशांचे गवती छप्पर असणार. ते कधीच गेले. माती आम्लधर्मी, त्यामुळे हाडेही टिकली नाहीत. पुढे हवा थंड आणि ओली होत गेली, पठारावर पीटचे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मातीचे) थर वाढले आणि माणसे खाली उतरली.

लेखकाचा गोंधळ कशामुळे झाला असेल, हे समजू शकते. विदर्भात जुनापाणीची शिलावर्तुळे दफनाची आहेत, आणि डार्टमूरवरही मेरिवेलला पाषाणरांगा आहेत. त्यांचा संबंध विधींशी असेलही. पण त्याच मेरिवेलला शेजारी घरांची वर्तुळेही आहेत. ओळखायची खूण सोपी: दाराची फट आणि आत चूल.

आणखी एक. आज दिसणाऱ्या काही भिंती १८९४ च्या उत्खननकर्त्यांनीच पुन्हा रचल्या आहेत. ती हौस आता पर्यटकांनी करू नये. आमच्यासमोरच एक कुटुंब घरांच्या पायातले दगड उचलून मनोरा रचत होते. आपले वाचक तिकडे जातील, तर निदान त्यांना एवढे सांगावे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी